बसऱ्याच्या गेटवरची पाच वर्षं

गावी आलो की पारावर पहिला प्रश्न ठरलेला. "मग मेजर, किती बॉम्ब पकडले?" मी हवालदार म्हणून निवृत्त झालो, पण आमच्याकडं फौजेतनं आलेला प्रत्येक जण मेजरच असतो. मी खरं तेच सांगतो. एकही नाही. पाच वर्षं, दिवसाला साठ-सत्तर गाड्या, आणि बॉम्ब एकही नाही. हे ऐकून तात्यांचा चेहरा पडतो. त्यांच्या डोळ्यांपुढं 1993 ची मुंबई असते, पोलिसांचा तो झंजीर असतो. त्या लॅब्रॅडॉरनं 3,329 किलो आरडीएक्स हुडकून दिलं होतं. त्याच्यापुढं माझं शून्य. मग मी चहा घेतो आणि विषय उसाच्या बिलाकडं वळवतो, कारण त्या शून्यामागं काय होतं ते पारावर उभ्या उभ्या सांगता येत नाही.

मी कोरेगाव तालुक्यातला. भरती झाल्यावर मेरठच्या रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअरच्या सेंटरला गेलो आणि कुत्र्यांच्या कामाला लागलो. काश्मीरला दोनदा पोस्टिंग झालं. तिथं पहाटे रस्ता उघडायला निघणाऱ्या तुकडीच्या, म्हणजे आरओपीच्या, सगळ्यांत पुढं कुत्रा आणि त्याच्या मागं लीश धरून मी. 2014 च्या शेवटी सतरा वर्षं भरली आणि पेन्शनवर घरी आलो. वय अडतीस. घरी आल्यावर दोन गोष्टी लवकर कळल्या. शेतात मी फारसा कुणाच्या उपयोगाचा नाही, आणि एटीएमबाहेर बंदूक घेऊन बसणाऱ्याला महिन्याला नऊ हजार मिळतात.

युनिटमधला एक जुना मित्र दुबईला होता. त्याचा फोन आला, "इराकमध्ये डॉग हँडलर पाहिजेत. बारुदवाले. बसऱ्याजवळ तेलाचं क्षेत्र आहे, तिथल्या कॅम्पचं गेट." घरात हे सांगितलं तेव्हा मोसूल आयसिसच्या हाती पडून वर्षच झालं होतं. तिथं अडकलेल्या भारतीय मजुरांच्या बातम्या टीव्हीवर चालू होत्या. 39 जण मारले गेल्याचं सरकारनं पुढं 2018 च्या मार्चमध्ये संसदेत सांगितलं, पण तेव्हा कुणालाच काही माहीत नव्हतं. ही दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ताट वाढताना म्हणाली, "अहो, काश्मीरला निदान सरकार पाठवत होतं." याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. आईला मात्र फक्त 'बसरा' एवढाच शब्द ऐकू आला. तिच्या आईच्या नथीत बसऱ्याचे मोती होते म्हणे. "आणलेस तर सुनेच्या नथीला आण," म्हणाली. मोसूल आणि बसरा यांच्यात सातारा ते नागपूरपेक्षाही जास्त अंतर आहे, हे मी हिला नकाशा काढून दाखवलं. नकाशानं फरक पडला नाही. मोठ्याच्या इंजिनिअरिंगच्या फीनं पडला.

एजंटचं ऑफिस अंधेरीला होतं. कायद्यानं एजंटला किती पैसे घेता येतात याला मर्यादा आहे. आता ती 30,000 रुपये आणि वर जीएसटी अशी आहे. माझ्याकडून त्यानं ऐंशी हजार घेतले आणि पावती वीसची दिली. बाकीचे कशाचे विचारलं तर म्हणाला, "फाइल चार्ज." सतरा वर्षं फौजेत काढलेला माणूस अशा वेळी गप्प का बसतो हे मला अजून कळलेलं नाही. पुढं जाणाऱ्यांना सांगून ठेवतो, पैसे चेकनं द्या आणि जेवढे दिले तेवढ्याची पावती घ्या. कॅश मागितली की उठून चालू लागा.

कागद बरेच होते. डिस्चार्ज बुक, मेरठच्या कोर्सचे दाखले, पोलिसांचं क्लिअरन्स, मेडिकल. दहावी पास असल्यामुळं पासपोर्ट ईसीएनआर होता, म्हणजे बाहेर कामाला जायला सरकारची वेगळी परवानगी नको, तेवढी एक खिडकी वाचली. करार इंग्रजीत, अठरा पानांचा. मी तो शेवटाकडून वाचला. मृतदेह घरी कोण पोचवणार, विमा कुणाच्या नावावर, जखमी झालो तर पगार किती दिवस, हे आधी पाहिलं. पगार महिन्याला 1,350 डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावानं नव्वद हजारांच्या आसपास. त्याच गेटवर तेच काम करणाऱ्या गोऱ्या हँडलरला याच्या चौपट मिळतो, हे तिथं गेल्यावर कळलं. करारात एका ओळीत लिहिलं होतं की कुत्रा ही कंपनीची मालमत्ता आहे. ती ओळ मी वाचली आणि पुढं गेलो. फौजेतही कुत्रा सरकारचाच असतो, त्यात नवल वाटलं नाही.

2015 च्या नोव्हेंबरात मुंबई, दुबई, बसरा असा प्रवास करून उतरलो. विमानतळावरून चिलखती गाडीत घातलं, जाकीट आणि हेल्मेट चढवलं. काचा जाड, बाहेरचं सगळं थोडं पिवळट दिसत होतं. रुमैलाचं क्षेत्र बसऱ्याच्या पश्चिमेला पन्नासेक किलोमीटरवर आहे. दिवसाला दहा लाख पिंपांच्या वर तेल तिथून निघायचं. अंधार पडला तेव्हा पहिल्यांदा त्या ज्वाळा पाहिल्या. तेलाबरोबर वर येणारा वायू तिथं जाळून टाकतात. सगळं क्षितिज नारिंगी, जणू चारी बाजूंनी उसाचा पाला पेटवलाय. पाच वर्षांत मी तिथं पुरता काळोख असा पाहिला नाही.

कॅम्पात आमच्या खोल्यांना एक जनरेटर होता, कुत्र्यांच्या केनेलला दोन. हे योग्यच होतं.

मिका तिथं भेटली. बेल्जियन मॅलिनॉइस जातीची कुत्री, तीन वर्षांची, हॉलंडहून आणलेली. सडपातळ, तोंड काळं, डाव्या कानाला लहानशी खाच. हुकूम सगळे डच. शोध म्हणायचं तर 'झूक', सोड म्हणायचं तर 'लोस', शाबास म्हणायचं तर 'ब्राफ'. नेपाळचा एक सहकारी होता, गुरखा पलटणीतनं आलेला, त्याला आम्ही दाई म्हणायचो. पहिल्या दिवशी मी मिकाला मोठ्यानं 'झूक' म्हणालो तर शेजारी उभा असलेला दाई पटकन खाली वाकला. वरून काही आलं असं त्याला वाटलं. नंतर वर्षभर हा किस्सा मेसमध्ये चालला.

पहिला आठवडा काम नाही. खायला मी घालायचं, ब्रशनं केस मी विंचरायचे, फिरायला मी न्यायचं, एवढंच. मग तालीम. टीएनटी, आरडीएक्स, पीईटीएन, सेमटेक्स, सी-4, अमोनियम नायट्रेट, पोटॅशियम क्लोरेट, काळी दारू असे वास वेगवेगळ्या डब्यांत, वेगवेगळ्या पेट्यांत. एकाचा वास दुसऱ्याला लागला तर कुत्रा भलतंच शिकतो. हातमोजे प्रत्येक डब्याला नवे. पण मग कुत्रा मोज्यांचाच वास शिकतो. मेरठलाही हे सांगितलं होतं, तिथं मी ते पाठ केलं होतं. इथं डोळ्यानं पाहिलं. एका हँडलरचा स्पॅनियल दर वेळी बिनचूक बसायचा. एके दिवशी कुणीतरी नुसता रिकामा मोजा बंपरमागं खोचला. स्पॅनियल तिथंही ऐटीत बसला. तेव्हापासून तालमीत चार ठिकाणी नुसते मोजे, सँडविचचा कागद, टेनिसचा चेंडू असं काहीबाही लपवायचो आणि एकाच ठिकाणी खरा माल.

मिकासाठी या सगळ्याचा अर्थ एकच. तो वास आला की बसायचं, नाक तिकडं ठेवायचं, भुंकायचं नाही, पंजा मारायचा नाही. मग काँग मिळतो, म्हणजे चावायचं रबरी खेळणं. बारुद म्हणजे काय, माणसं मरतात म्हणजे काय, हे तिच्या खिजगणतीत नाही. तिला काँग पाहिजे. आणि काँग माझ्याकडं असतो, म्हणून ती गाडीइतकंच मलाही वाचत असते. माझी सगळी फजिती याच एका गोष्टीतून झाली.

तिसऱ्या आठवड्यात परीक्षा. ती पास झाल्याशिवाय गेटवर उभं राहता येत नाही आणि दर वर्षी ती पुन्हा द्यावी लागते. परीक्षक ब्रिटिश फौजेतनं निवृत्त झालेला, बोलायला मवाळ, मार्कांना कडक. आठ-आठ गाड्यांच्या तीन रांगा. पहिल्या रांगेत मिका तिसऱ्या गाडीच्या मागच्या चाकाजवळ बसली. बरोबर. दुसरीत डिकीच्या फटीला नाक लावून बसली. बरोबर. तिसऱ्या रांगेकडं निघताना मी मनात हिशेब केला की पहिलीत एक, दुसरीत एक, म्हणजे हिच्यातही एक असणार. पाचव्या पांढऱ्या पिकअपच्या मागच्या बंपरपाशी तिनं एक श्वास जास्त घेतला असं मला वाटलं. मी थांबलो. ती बसली. मी हात वर केला.

"का बसली?" परीक्षकानं विचारलं.

"वास आला म्हणून."

"या रांगेत काही ठेवलेलंच नाही," तो म्हणाला. "त्या गाडीत बारुद तू ठेवलंस."

संध्याकाळी त्यानं मला मागून घेतलेला व्हिडिओ दाखवला. आवाज बंद करून, सावकाश. आधी माझा उजवा पाय थांबतो. मग लीश इंचभर ताणली जाते. मग माझा डावा हात कमरेच्या पिशवीकडं जातो, जिथं काँग असतो. पिशवीला लागत नाही, नुसता तिकडं निघतो. तेवढ्यात मिकाचा खाचेचा कान माझ्याकडं वळतो, ती वर बघते, आणि बसते. सगळं मिळून दोन सेकंद. त्यानं ते सहा वेळा दाखवलं. तिसऱ्या वेळेनंतर मी तिच्याकडं बघायचं सोडलं होतं.

मग त्यानं एक प्रयोग सांगितला. कॅलिफोर्नियातला, 2011 साली छापून आलेला. अठरा हँडलर आणि त्यांचे कुत्रे एका चर्चमध्ये आणले. लाल कागद चिकटवलेल्या जागी माल असू शकतो असं हँडलरांना सांगितलं. खरं तर कुठंच काही नव्हतं. तरी सगळ्या फेऱ्या मिळून हँडलरांनी दोनशेच्या वर वेळा 'सापडलं' असं सांगितलं, आणि लाल कागदांपाशी जास्त. कुत्र्यांना लाल कागदाचं काय? तो माणसांनी पाहिला होता.

त्या रात्री झोप आली नाही. काश्मीरमधले रस्ते आठवत राहिले. कितीदा कुत्रा थांबला म्हणून मी थांबलो, आणि कितीदा मी थांबलो म्हणून तो? वळणावर, मोरीपाशी, दगडांच्या ढिगापाशी मी आधीच सावध झालेलो असायचो. हिशेब लावायला आता काही साधन नव्हतं.

दोन आठवडे पुन्हा तालीम मिळाली, पगार कापून. काँग माझ्या कमरेवरून काढून दाईच्या हातात दिला, तो लांब उभा राहायचा. दहांतल्या सात रांगा कोऱ्या, म्हणजे काहीच न ठेवलेल्या. माल कुठं आहे ते मला माहीत नाही, माझ्यावर नजर ठेवणाऱ्यालाही माहीत नाही, फक्त लपवणाऱ्याला माहीत आणि तो खोलीत जाऊन बसलेला. पण माझा खरा रोग वेगळाच निघाला. संशय आला की मी श्वास रोखायचो. मला पत्ताच नव्हता, मिकाला होता. परीक्षक म्हणाला, "गुणगुणत चल, गुणगुणताना माणसाला श्वास रोखता येत नाही." काय गुणगुणावं? गाणं धरलं तर चाल कमी-जास्त व्हायची. मग एका पहाटे आपोआप तोंडात आलं, ग्यानबा तुकाराम, ग्यानबा तुकाराम. लहानपणी लोणंदला पालखीत चाललो होतो, पावलाला ते बसलेलंच होतं. एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत चार वेळा. पाय थांबत नाही, श्वास थांबत नाही. दुसऱ्या परीक्षेला तसंच चाललो. पहिली रांग कोरी होती, मिका सरळ चालत गेली. दुसरीत दोन ठिकाणी बसली, आणि त्यातलं एक मी सोडूनच पुढं गेलो होतो. लीश मागं ताणली गेली तेव्हा कळलं. "हे खरं बसणं," परीक्षक म्हणाला. आणि ते काय म्हणतोस त्याचा अर्थ काय, असंही विचारलं. पायी चालणाऱ्या लोकांचं आहे, एवढंच मी सांगितलं.

याच दिवसांत ती अँटेना पाहिली. आमच्या गेटकडं येणाऱ्या हमरस्त्यावर इराकी पोलिसांचं नाकं होतं. पोलिसाच्या हातात पिस्तुलासारखी काळी मूठ आणि पुढं रेडिओची असते तशी दांडी, बिजागरीवर सैल हलणारी. तो जागच्या जागी पाय आपटायचा, म्हणजे म्हणे यंत्राला वीज मिळते, आणि मग गाडीजवळून चालायचा. दांडी गाडीकडं वळली की गाडी बाजूला. आमच्या ड्रायव्हरनं सांगितलं, अत्तर लावलं असलं तरी वळते, दातात चांदी असली तरी वळते. दाईचा एक दात सोन्याचा. एकदा खरोखर ती त्याच्याकडं वळली आणि पंधरा मिनिटं आम्हाला उतरवून ठेवलं. एडीई 651 नावाचं ते यंत्र होतं. आत काहीच नव्हतं. गोल्फचे हरवलेले चेंडू शोधायचं म्हणून वीसेक डॉलरला विकल्या जाणाऱ्या खेळण्यावरून ते केलेलं, आणि इराकनं एकेकाला हजारो डॉलर मोजले होते. विकणाऱ्या ब्रिटिश माणसाला, जेम्स मॅकॉर्मिकला, 2013 सालीच लंडनमध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली होती. तरी 2015 साली ते आमच्या डोळ्यांदेखत वापरात होतं. 2016 च्या 3 जुलैला बगदादच्या करादा भागात स्फोट झाला, तीनशेहून जास्त माणसं गेली, आणि मग पंतप्रधान अबादींनी ती यंत्रं काढून टाकायला सांगितली.

कॅम्पातले गोरे हँडलर त्या पोलिसांना हसायचे. मला हसू यायचं नाही. ती दांडी कशी वळते ते मला कळत होतं. धरणाऱ्याच्या मनगटाला जिकडं वाटतं तिकडं ती वळते, आणि धरणाऱ्याला शपथेवर वाटत असतं की आपण काही केलं नाही. माझ्या पिकअपच्या व्हिडिओत दुसरं काय होतं? फक्त माझ्या दांडीला चार पाय आणि एक कान खाचेचा.

गेटचं काम सांगायला थोडकं आहे. पहाटे चारला सुरुवात. गाडी आली की इंजिन बंद, एसी बंद, माणसं उतरून लांब सावलीत, बॉनेट आणि डिकी उघडी. वारा कुठून आहे ते आधी बघायचं, मग वाऱ्याच्या खालच्या अंगानं कुत्रा घालायचा. वास सरळ रेषेत येत नाही. तापलेल्या पत्र्यावरून तो वर चढतो, पलीकडं उतरतो, कधी बारुद पुढच्या चाकात आणि वास मागच्या दारात साचलेला. म्हणून बंपर, चाकाची कमान, दाराची फट, पेट्रोलचं झाकण, एकेक जागा हातानं दाखवत जायची. पण हात सगळीकडं सारखाच दाखवायचा. जिथं वाटतं तिथं जास्त नाही.

त्या भागात कुत्र्याची लाळ अशुद्ध मानतात, आणि गाडीत तर देवाधर्माच्या वस्तू असायच्याच. एक म्हातारा ट्रक ड्रायव्हर होता, पाण्याचा टँकर आणायचा. डॅशबोर्डवर हिरव्या फडक्यात गुंडाळलेलं कुराण, सीटमागं गुंडाळी केलेली नमाजाची चटई, आणि करबल्याच्या मातीची लहान टिकली. पहिल्या दिवशी तो केबिनच्या दारात आडवा उभा राहिला. मी मिकाला बसवलं, हात छातीवर ठेवला आणि विचारलं, "मुमकिन?" हा तिकडचा शब्द, मला हिंदीमुळं आयता मिळालेला. मग तो स्वतः चढला, तिन्ही वस्तू उतरवून छातीशी धरून उभा राहिला. मी सीटवर धुतलेली चादर घातली, मग मिकाला आत सोडलं. झाल्यावर चादर त्याच्या देखत घडी करून धुण्याच्या पिशवीत टाकली. दुसऱ्या खेपेपासून तो लांबूनच वस्तू उतरवून तयार असायचा. सहा महिन्यांनी त्यानं कमरेला बारीक असलेल्या काचेच्या पेल्यात चहा आणून दिला, तळाशी बोटभर साखर. मिकाला तो कधी शिवला नाही, पण तिच्यासाठी खजुराचा एक घड ठेवून जायचा. तो मीच खायचो. कुत्र्याला खजूर बरा नाही, हे सांगून त्याचं मन कशाला मोडा.

उन्हाळ्याबद्दल किती सांगू. 2016 च्या जुलैमध्ये सीमेपलीकडं कुवेतच्या मित्रिबाहला 53.9 अंश तापमान नोंदलं गेलं. आमच्याकडं काही वेगळं नव्हतं. माणसाला घाम तरी येतो. कुत्रा धापा टाकून थंड होतो, आणि धापा टाकणारा कुत्रा हुंगू शकत नाही. एका वेळी एकच. म्हणजे जीभ बाहेर लोंबायला लागली की तो गाडीभोवती नुसता फिरत असतो, तपासत नसतो. रांगेतल्या कुणालाच हे दिसत नाही. हँडलरला दिसायला पाहिजे. वीस मिनिटं काम, मग थंड खोली. हाताचा मागचा भाग रस्त्यावर ठेवायचा, पाच सेकंद सोसवला नाही तर तिचा पंजाही तिथं ठेवायचा नाही. मागून थर्मामीटर लावून ताप बघायचा. कुत्र्याचं साधं तापमानच 38.3 ते 39.2 असतं. 41 च्या पुढं गेलं की पोटावर, जांघेत, पंजांवर पाणी, पंखा आणि डॉक्टर. मिका एकदा 40.8 ला गेली. पाणी ओतताना माझेच हात थरथरत होते, आणि तिची नजर मात्र माझ्या कमरेच्या पिशवीवर.

आता ते शून्य. खरा माल रोज येत नाही, म्हणजे कुत्र्याला काँगही मिळत नाही. महिनाभर काहीच सापडलं नाही तर कुत्रा कंटाळतो, फिरतो पण शोधत नाही. म्हणून आम्ही रोज गुपचूप एखाद्या आपल्याच गाडीत माल लपवून रांगेत घालायचो. तो लपवला कुणी, कधी, हे मला कळू द्यायचं नाही. त्यामुळं प्रत्येक वेळी मिका बसली की पोटात गोळा यायचाच. हा आपला असेल का खरा?

2017 च्या मार्चमध्ये ती सुरुंग काढणाऱ्या एका कंपनीच्या पिकअपपाशी बसली. त्या वाळूत इराणशी आठ वर्षं झालेल्या लढाईचे आणि 1991 च्या युद्धाचे सुरुंग अजून आहेत, ते काढायला माणसं लागतात. पिकअपमध्ये काही नव्हतं. पण आदल्या दिवशी तिच्यातून डेटोनेटिंग कॉर्ड, म्हणजे स्फोट घडवायची दोरी, नेली होती, आणि तिच्यात पीईटीएन असतं. मिका बरोबर होती. नियमानं गेट बंद, माणसं मागं, बॉम्बवाल्यांना निरोप. दोन तास चाळीस मिनिटं. मागं गाड्यांची रांग उन्हात. पुढच्या आठवड्यात तीच गाडी, पुन्हा बसली, पुन्हा गेट बंद. तिसऱ्या वेळी मॅनेजर आधीच गेटवर येऊन उभा. मला बाजूला घेऊन म्हणाला, "ती गाडी आपल्याला माहीत आहे. तिथनं जरा भरभर ने कुत्रीला."

भरभर नेणं सोपं होतं. लीश दोन इंच आखूड धरायची, खांदा पुढं टाकायचा, ती समजून चालत आली असती. एवढ्या दिवसांत तिला माझा खांदा पाठ झाला होता. मी म्हणालो, नेतो, पण मग रजिस्टरमध्ये तसं लिहितो की साहेबांच्या सांगण्यावरून भरभर नेली. तो काही बोलला नाही. मी नेहमीच्या चालीनं गेलो, ग्यानबा तुकाराम, आणि ती बसली. त्या तिमाहीच्या शेऱ्यात माझ्या नावापुढं 'अनावश्यक विलंब' आला आणि बोनस गेला. महिनाभरानं त्या कंपनीच्या गाड्यांना वेगळं गेट दिलं. हे आधी सुचलं असतं तर बोनस वाचला असता, त्यांचाही वेळ.

बसरा शहर मी पाच वर्षांत काचेतूनच पाहिलं. 2018 च्या उन्हाळ्यात तिथलं नळाचं पाणी खारं आणि घाण झालं, एक लाखाच्या वर लोक दवाखान्यात गेले, रस्त्यावर जाळपोळ झाली. आम्ही बाटलीबंद पाणी पीत होतो. नासिरियाच्या रस्त्यानं एकदा ताफ्यातून जाताना वाळवंटात खांबांची लांबलचक पांढरी इमारत दिसली. पहिल्या महायुद्धातल्या मृतांचं स्मारक, सद्दामच्या काळात 1997 मध्ये बंदरावरून उचलून तिथं नेलेलं. चाळीस हजारांच्या वर माणसं. आमच्या जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांतून त्या वेळी माणसं गेली, मराठा पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर याच मुलखात होत्या, आणि 1916 च्या एप्रिलमध्ये कूतला उपासमारीनंतर शरण गेल्या. ड्रायव्हरला म्हटलं, दोन मिनिटं थांब. ताफा थांबत नसतो. नंतर वाचलं की साध्या हिंदी शिपायांची नावं तिथं कोरलेलीच नाहीत, फक्त अधिकाऱ्यांची आहेत, बाकीच्यांचा आकडा. म्हणजे थांबलो असतो तरी आपलं असं काही वाचायला मिळालं नसतं.

मोत्यांचं सांगायचं राहिलं. बसऱ्याचे मोती बसऱ्यात निघतच नव्हते. ते खाडीतले, बहरीनच्या बाजूचे, बसऱ्याच्या व्यापाऱ्यांकडून यायचे म्हणून ते नाव. आता मिळतात ते जुन्या दागिन्यांतलेच. हिची नथ मी शेवटी साताऱ्याच्या सराफाकडून केली. तो म्हणाला, "अस्सल बसरा आहे, मेजर." मी काही बोललो नाही.

2020 च्या मार्चमध्ये विमानं बंद झाली. सहा महिने काम आणि एक महिना सुट्टी अशी आमची फेरी, ती त्या वर्षी अकरा महिन्यांची झाली. गेटवर गाड्या कमी, मास्क, कुणी कुणाच्या जवळ येईना. मिका तेव्हा आठ वर्षांची. तोंडाभोवतीचा काळा रंग पांढरा पडलेला, मागच्या पायाला सकाळी थोडी ताठरता. ऑक्टोबरात माझा नंबर लागला आणि करार वाढवायचा नाही असं मी ठरवलं. तिला घेऊन जाता येईल का, विचारलं. करारातली ती एक ओळ त्यांनी मला पुन्हा वाचायला दिली.

माझ्या जागी आलेला मुलगा दाईच्याच गावचा, चोवीस वर्षांचा. दोन आठवडे त्याच्याबरोबर चाललो. हुकूम त्याला एका दिवसात आले. खाणं, पाणी, कानाचं औषध, पायाचं तेल, सगळं वहीत लिहून दिलं. शेवटच्या दिवशी तिला त्याच्या हातात दिलं आणि केनेलच्या मागच्या बाजूनं निघालो, म्हणजे ती वळून बघते का ते मला दिसू नये.

पुढच्या मार्चमध्ये त्यानं व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवला. वार्षिक परीक्षा, तिसरी रांग. मिका पांढऱ्या पिकअपपाशी बसली आहे, खाचेचा कान ताठ. खाली लिहिलं होतं, पास झालो, दादा. मी तो आवाज बंद करून सावकाश पाहिला. मग तिच्यावर बोट ठेवून तिला झाकलं आणि फक्त त्याचे पाय पाहिले. मग लीश पाहिली. त्याला लिहिलं, चौथ्या गाडीपाशी श्वास रोखला होतास का?

त्याचं उत्तर आलं, कसं कळलं?